धोक्यातला वाटा

14 सप्टेंबर 2022 रोजी राणी एलिझाबेथ यांची शवपेटी बकिंगहॅम राजवाड्यातून वेस्टमिन्स्टर हॉलकडे निघाली. मागून चालणाऱ्या राजे चार्ल्स, राजकन्या ॲन, राजपुत्र एडवर्ड आणि युवराज विल्यम यांच्या अंगावर लष्करी गणवेश होते. अँड्र्यू आणि हॅरी मात्र काळ्या कोटात होते. राणीच्या मुला-नातवंडांत शत्रूच्या माऱ्याखाली काम केलेले हे दोघेच. अँड्र्यू 1982 च्या फॉकलंड युद्धात हेलिकॉप्टर उडवत होता, हॅरी अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आला होता. याउलट एडवर्डनं रॉयल मरीन्सचं प्रशिक्षण 1987 मध्ये अर्ध्यावर सोडलं होतं आणि त्याच्या अंगावर गणवेश होता.

अँड्र्यूची मानद लष्करी पदं त्याच्यावरच्या गंभीर आरोपांमुळे गेली होती, त्याबद्दल हळहळण्याचं कारण नाही. हॅरीचं तसं नव्हतं. राजघराण्याची कामं सोडून तो अमेरिकेत राहायला गेला, म्हणून 2021 मध्ये त्याची मानद पदं काढून घेण्यात आली आणि त्यांच्याबरोबर गणवेशही गेला. पुढे शवपेटीजवळच्या पहाऱ्यासाठी त्याला तेवढ्यापुरती परवानगी मिळाली. म्हणजे गणवेश कोणी घालायचा हे रणांगणानं ठरवलं नव्हतं, राजवाड्यानं ठरवलं होतं. लष्करी सेवेचा मान ही घरातल्या माणसांना वळण लावण्याची सोय झाली होती.

राजघराण्यातल्या माणसाच्या सैनिकी सेवेचं मोल हुद्द्यावरून, छातीवरच्या पदकांवरून किंवा घोड्यावरच्या ऐटीवरून करता येत नाही. त्याला कसोटी एकच. साध्या सैनिकाच्या वाट्याला जो धोका येतो, त्यातला किती वाटा त्यानं उचलला आणि परत आल्यावर त्या सैनिकाचं ऋण किती फेडलं? या कसोटीवर हॅरी उतरतो. त्याला घडवणारी, वापरणारी आणि शेवटी त्याचा गणवेश उतरवणारी राजसंस्था मात्र उतरत नाही.

राजा आणि रणांगण यांचं नातं युरोपात एके काळी सरळ होतं. जो राज्य करतो त्यानं फौजेच्या पुढे उभं राहायचं. 1743 मध्ये डेटिंगेनच्या लढाईत दुसरे जॉर्ज स्वतः सैन्य घेऊन उतरले. त्यानंतर ब्रिटनच्या कोणत्याही राजानं रणांगणावर सैन्याचं नेतृत्व केलं नाही. राज्यकारभार मंत्र्यांकडे गेला, युद्ध पुकारण्याचा खरा अधिकार संसदेत बहुमत असलेल्या सरकारकडे गेला. राजाकडे उरला तो गणवेश. सैनिक आजही राजाच्या नावानं शपथ घेतात, पलटणींच्या मानद प्रमुखपदी राजघराण्यातली माणसं बसतात. अधिकार नाही पण प्रतीक आहे, आणि प्रतीकाला धोका पत्करावा लागत नाही. इथूनच सगळा गुंता सुरू होतो, कारण जे मरू शकतात अशा माणसांचं प्रतीक व्हायला निघालेल्या माणसाला मरण्याची मुभाच नसते.

हा गुंता सर्वांत उघडा पडला तो पहिल्या महायुद्धात. गादीचा वारस एडवर्ड, म्हणजे पुढचे आठवे एडवर्ड, 1914 मध्ये वीस वर्षांचा होता. ग्रेनेडियर गार्ड्समध्ये तो दाखल झाला आणि आघाडीवर पाठवा म्हणून युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांच्यामागे लागला. मी मारला गेलो तर मला चार भाऊ आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. किचनर यांचं उत्तर रोखठोक होतं. तुम्ही मारले जाल याची खात्री असती तर अडवणं योग्य की अयोग्य हे मला सांगता आलं नसतं, पण तुम्ही शत्रूच्या हाती जिवंत सापडण्याचा धोका मी पत्करू शकत नाही, असा त्याचा आशय. राजपुत्राचा जीव जाणं परवडेल, राजपुत्र ओलीस ठरणं परवडणार नाही. मग त्याला फ्रान्समध्ये सेनापतींच्या कचेरीत बसवलं गेलं. तो संधी साधून आघाडीच्या जवळ जात राहिला. 1915 मध्ये तो असाच पाहणीला गेला असताना मागे मोटारीपाशी थांबलेला त्याचा चालक तोफगोळ्याच्या माऱ्यात मारला गेला. 1916 मध्ये त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. हे पदक मिळण्याजोगं आपण काही केलेलं नाही, अशी खंत त्यानं वडिलांना लिहून कळवली होती. ज्याला शरम वाटते त्याला कसोटी माहीत असते. एडवर्डच्या पुढच्या आयुष्याबद्दल कोणी काहीही म्हणो, या बाबतीत तो आपल्या सल्लागारांपेक्षा प्रामाणिक होता.

गादीपासून दूर असलेल्यांना तेवढं जपलं गेलं नाही. राणी व्हिक्टोरियाचा नातू, बॅटनबर्गचा राजपुत्र मॉरिस, 27 ऑक्टोबर 1914 रोजी यप्रच्या लढाईत मारला गेला आणि तिथल्याच दफनभूमीत इतर सैनिकांमध्ये विसावला. एडवर्डचा धाकटा भाऊ अल्बर्ट, म्हणजे पुढचे सहावे जॉर्ज, 1916 मध्ये जटलंडच्या सागरी लढाईत 'कॉलिंगवूड' युद्धनौकेच्या तोफेच्या बुरुजात होता. वारसाहक्काच्या रांगेत माणूस जितका मागे, तितका त्याचा जीव स्वस्त. राजघराण्यातही समानता नव्हती, मग बाहेर कुठून असणार?

बाहेर काय चाललं होतं ते महाराष्ट्राला चांगलं ठाऊक असायला हवं. किचनर एका तरुणाला जपत होते त्याच काळात पुण्याचं नाव लावणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात लढत होती. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 मध्ये कुत-अल-अमारा इथं तिला वेढा पडला. उपासमार, आजार आणि तोफांचा मारा सोसून 29 एप्रिल 1916 रोजी तिला शरण जावं लागलं. सुमारे तेरा हजार जण कैद झाले आणि कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत, त्यातले हजारो मेले. त्यांचे सेनापती टाउनशेंड यांना मात्र तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या एका बेटावर चांगल्या घरात ठेवलं. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरच्या गावागावांतून भरती झालेली पोरं शत्रूच्या हाती जिवंत सापडली तर काय, या प्रश्नावर लंडनमध्ये कोणाची झोप उडाली नाही. भरतीला गेलेल्या पोराच्या घरी शेताचा तुकडा अपुरा होता, कर्ज होतं आणि पलटणीत पगार होता. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे आजही 'मिलिटरी अपशिंगे' म्हणून ओळखलं जातं. पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणाऱ्या गावाच्या नावालाच ते काम चिकटलं.

युद्ध संपल्यावर दगड बसवण्याचं काम राजपुत्रांकडे आलं. फेब्रुवारी 1921 मध्ये दिल्लीत ज्या स्मारकाला आज आपण इंडिया गेट म्हणतो त्याची कोनशिला ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी बसवली. हे व्हिक्टोरिया राणीचे तिसरे चिरंजीव. 1882 मध्ये इजिप्तमधल्या तेल-अल-कबीरच्या लढाईत त्यांनी ब्रिगेड चालवली होती आणि 1886 ते 1890 या काळात ते मुंबई इलाख्याच्या फौजेचे प्रमुख होते. 1921 च्याच नोव्हेंबरात युवराज एडवर्ड भारतात आला. मुंबईत त्याचं स्वागत हरताळानं, विदेशी कपड्यांच्या होळीनं आणि पाठोपाठ उसळलेल्या दंगलींनी झालं. 19 नोव्हेंबरला पुण्यात त्यानं शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवली. रणांगणावर स्वतः पुढे राहून फौजेबरोबर धोका पत्करणाऱ्या राजाच्या स्मारकाचा दगड, ज्याला आघाडीवर जाऊ दिलं गेलं नव्हतं अशा राजपुत्राच्या हातून बसला. शिवरायांनी अफझलखानाला भेटायला दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही. राजेपणाची ती एक जात होती आणि साम्राज्याच्या राजेपणाची ही दुसरी.

या पार्श्वभूमीवर हॅरीकडे पाहायला हवं. 1984 मध्ये जन्मलेला हा राजपुत्र रांगेत कायम 'दुसरा' राहिला, थोरला भाऊ वारस आणि हा राखीव. सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीतून तो एप्रिल 2006 मध्ये अधिकारी म्हणून बाहेर पडला आणि ब्लूज अँड रॉयल्स या पलटणीत दाखल झाला. आपली तुकडी लढत असताना आपण घरी बसणार नाही, असं तो उघड सांगत होता. 2007 मध्ये त्याला इराकला पाठवायचं ठरलं. मग त्याला लक्ष्य करण्याच्या ठोस धमक्या असल्याचं लष्करप्रमुख जनरल रिचर्ड डॅनट यांनी सांगितलं आणि 16 मे 2007 रोजी ती मोहीम रद्द केली. त्याच्या हाताखालचे सैनिक मात्र गेले.

डॅनट यांचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. राजपुत्रानं धोका पत्करण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे की तो धोका त्याच्या एकट्याचा नसतो. त्याच्या नावानं शत्रू खेचला जातो आणि त्याच्या रणगाड्यात बसलेल्या एखाद्या सामान्य घरातल्या मुलाचा जीव त्यापायी जाऊ शकतो. म्हणून 'राजपुत्रानं आघाडीवर जावं' एवढंच म्हणून भागत नाही. त्याच्या नावाची झळ शेजाऱ्याला लागू नये अशी व्यवस्था करून जाता येईल का, हा खरा प्रश्न आहे. उत्तर निघालं ते असं की नावच काढून टाकायचं.

डिसेंबर 2007 मध्ये हॅरी अफगाणिस्तानातल्या हेलमंड प्रांतात पोचला. ब्रिटिश वृत्तपत्रं आणि वाहिन्यांनी संरक्षण खात्याशी समझोता करून ही बातमी दाबून ठेवली होती. गर्मसीरच्या आघाडीवर 'दिल्ली' नावाच्या तळावरून तो विमानांना दिशा देण्याचं काम करत होता. पडद्यावर जमिनीवरची हालचाल पाहायची, वरच्या वैमानिकाशी रेडिओवर बोलायचं, लक्ष्य कुठं आहे ते अचूक सांगायचं आणि आपली माणसं त्या माऱ्याच्या आड येत नाहीत ना याची खात्री करायची. रेडिओवर त्याचं नाव 'विडो सिक्स सेव्हन' होतं. वरच्या वैमानिकाला एवढंच माहीत. पलीकडचा आवाज राणीच्या नातवाचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. आवाज शांत आहे का, आकडे बरोबर आहेत का, एवढ्यावरच सगळं होतं. जन्मापासून ज्याच्या नावाआधी पदवी लागली, त्याला कामावरून ओळखलं जाण्याची संधी बॉम्बनी उकरलेल्या एका मुलखात मिळाली. माझ्या मते हॅरीच्या आयुष्यातला हा सर्वांत खरा काळ.

तो दहा आठवडेच टिकला. परदेशी प्रसारमाध्यमांतून बातमी फुटली, 28 फेब्रुवारी 2008 ला ती जगभर झाली आणि त्याला ताबडतोब परत बोलावलं गेलं. परतीच्या विमानात एका तरुण डॅनिश सैनिकाची शवपेटी होती आणि बेशुद्धावस्थेत ठेवलेले तीन जबर जखमी ब्रिटिश सैनिक होते. युद्धाची खरी किंमत आपल्याला त्या प्रवासात कळली, असं हॅरीनं नंतर वारंवार सांगितलं आहे.

परत जाण्यासाठी त्यानं मार्ग शोधला तो हवेतला. अपाचे हेलिकॉप्टर चालवण्याचं अवघड प्रशिक्षण पूर्ण करून सप्टेंबर 2012 मध्ये तो कॅम्प बॅस्टियनवर आला. सैन्यात तो कॅप्टन वेल्स होता. या वेळी त्याचं येणं जाहीर होतं. आल्यावर थोड्याच दिवसांत, 14 सप्टेंबरच्या रात्री, तालिबानच्या टोळीनं त्या तळावर घुसून हल्ला केला आणि दोन अमेरिकी मरीन मारले गेले. त्याच तळावर तो पुढचे सुमारे चार महिने राहिला. जमिनीवर जखमी झालेल्यांना उचलायला डॉक्टरांचं हेलिकॉप्टर निघालं की वरून त्याचं संरक्षण करायचं, हा अपाचेच्या कामाचा मोठा भाग. तिथं घेतलेल्या एका मुलाखतीचं चित्रण पाहण्यासारखं आहे. तो कॅमेऱ्यासमोर बोलतो आहे, मागे गडबड उडते, इशारा होतो. एका क्षणात तो मायक्रोफोन काढतो आणि हेलिकॉप्टरकडे धाव घेतो. वाक्य अर्धवट राहतं. दौऱ्यावर आलेला पाहुणा असं उठत नाही, असं पाळीवरचा माणूस उठतो.

राजघराण्याला हेही माहीत होतं की असं करता येतं. 1982 मध्ये अँड्र्यू 'इन्व्हिन्सिबल' या विमानवाहू नौकेवर होता तेव्हा त्याला कचेरीतल्या कामावर हलवावं असं मंत्रिमंडळातल्या काहींना वाटत होतं. मुलगा आपल्या जहाजाबरोबरच राहील, ही भूमिका स्वतः राणीनं घेतली. त्यांनी स्वतः 1945 मध्ये लष्कराच्या महिला दलात मोटारदुरुस्ती शिकली होती आणि पती फिलिप हे 1941 च्या मॅटापनच्या लढाईत 'व्हॅलियंट'वरच्या शोधदिव्यांवर होते. म्हणजे जुन्या पिढीनं काही वेळा तरी कसोटी ओळखली होती. म्हणूनच पुढे तीच कसोटी धाब्यावर बसवली गेली हे अधिक खटकतं.

पण एवढं म्हणून थांबलं तर हा लेख शौर्यगाथा होईल. शौर्यामुळे युद्ध न्याय्य ठरत नाही. अफगाणिस्तानात 457 ब्रिटिश सैनिक आणि त्याच्या कित्येक पटींनी अफगाण माणसं मेली. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेलं. ज्यांनी हे युद्ध पुकारलं आणि वीस वर्षं चालवलं त्यांनी त्याची किंमत चुकवली नाही. 2023 च्या जानेवारीत आलेल्या आत्मचरित्रात हॅरीनं लिहिलं की आपल्या हातून पंचवीस जण मारले गेले, आणि त्या वेळी ती माणसं म्हणून दिसत नव्हती तर पटावरून उचलण्याच्या सोंगट्यांसारखी दिसत होती. गहजब झाला. आकडा सांगून त्यानं सैन्याची रीत मोडली, असं निवृत्त अधिकारी म्हणाले. तुम्ही मारलेल्या त्या सोंगट्या नव्हत्या, माणसं होती, त्यांची घरं होती, असं उत्तर तालिबानच्या अनस हक्कानी यांनी दिलं. स्वतः असंख्यांचे जीव घेणाऱ्या संघटनेला हा उपदेश करण्याचा अधिकार नाही, तरी त्यातला शब्दार्थ खोटा नाही.

माझं मत असं की हॅरीनं सांगितलं ते बरं केलं. शतकानुशतकं राजघराण्याच्या लष्करी सेवेतून नेमकं हेच झाकलं गेलं होतं. रंगीत फिती, चकचकीत बूट, बँड, सलामी हे सगळं होतं, पण या सगळ्याच्या मुळाशी माणूस मारणं आहे हे राजवाड्यातल्या कोणी इतक्या उघडपणे लिहिलं नव्हतं. समोरच्याला माणूस समजलं तर गोळी झाडता येत नाही म्हणून तसं न समजण्याचं शिक्षण दिलं जातं, हेही त्यानं लिहिलं. सैन्याला ते आवडणार नाही, पण ज्यांच्या नावानं आणि पैशानं युद्धं होतात त्या नागरिकांना ते कळायला हवं. त्याची साक्ष अपुरी मात्र राहिली. गोळी सुटल्यानंतर त्या पंचवीस घरांत काय झालं इथपर्यंत तो पोचला नाही. ते जेव्हा लिहिलं जाईल तेव्हाच ती साक्ष पूर्ण होईल.

दुसऱ्या बाजूची किंमत मात्र त्यानं डोळ्यांआड होऊ दिली नाही. 2013 मध्ये अमेरिकेत जायबंदी सैनिकांच्या 'वॉरियर गेम्स' पाहून तो परतला आणि सप्टेंबर 2014 मध्ये लंडनला पहिल्या 'इन्व्हिक्टस गेम्स' झाल्या. तेरा देशांतले चारशेहून अधिक खेळाडू आले. कोणाचा पाय गेला होता, कोणाची दृष्टी, कोणाच्या मनातला स्फोट अजून थांबला नव्हता. 2015 मध्ये त्यानं सैन्य सोडलं, गणवेश गेला, राजघराण्यातली जागा गेली, तरी हे काम सुटलं नाही. द हेग, डुसेलडॉर्फ, व्हँकुव्हर इथं स्पर्धा होत राहिल्या. राजवाडा जे काढून घेऊ शकला नाही ते हेच.

या कामाचं मोल आपल्याला सहज कळावं, कारण त्याची एक वाट महाराष्ट्रातून जाते. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी 1917 मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि राणी मेरीचं नाव लावणारी तंत्रशिक्षण संस्था पुढे खडकीला स्थिरावली. कण्याला इजा झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्रही खडकीतच 1974 पासून आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. पाण्यात उतरून त्यांनी 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला त्यांना 2018 साल उजाडावं लागलं. गोळी लागलेल्याच्या मागे राजपुत्राचं नाव असलं तर जग वळून पाहतं, नसलं तर शेचाळीस वर्षं जातात. हॅरीनं आपल्या नावाचा उपयोग हे अंतर कमी करायला केला, आणि वारशानं मिळालेल्या प्रसिद्धीचा याहून सचोटीचा उपयोग मला दिसत नाही.

राजेशाही असावी की नसावी हा ब्रिटिशांचा प्रश्न आहे, त्यांनी सोडवावा. पण गणवेशाचा प्रश्न सगळ्या देशांचा आहे, आपलाही. आपल्याकडे राजा नाही, तरी लष्करी टोपी घालून फोटो काढणारे पुढारी आहेत, निवडणुकीच्या सभांत सैनिकांच्या शौर्यावर टाळ्या घेणारे वक्ते आहेत आणि 'घुसून मारा' म्हणत ओरडणारे स्टुडिओ आहेत. त्यांच्यापैकी किती जणांच्या घरातलं कोणी सीमेवर आहे? ज्यांना धोक्यात वाटा नको त्यांना सैनिकाच्या मानातही वाटा मागता येत नाही. युद्धाचा निर्णय घेणाऱ्यांच्या घरापर्यंत त्या निर्णयाची झळ पोचली पाहिजे, आणि परत आलेल्या जायबंदी माणसाला निवृत्तिवेतनासाठी, कृत्रिम पायासाठी, साध्या मान्यतेसाठी खेटे घालावे लागता कामा नयेत. हे दोन्ही जो देश करेल त्यालाच आपल्या सैनिकांचा अभिमान बाळगण्याचा अधिकार आहे. बाकीच्यांनी आधी तो कमवावा.